पाण्याखालून थेट घाटात नको : मालदीवच्या स्कूबा सहलीविषयी वाचकांचे प्रश्न

मालदीवला जाऊन स्कूबा डायव्हिंग करण्याचा बेत आखणाऱ्या वाचकांनी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार भागातून प्रश्न पाठवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. शहापूरच्या वाचकांनी विचारलेला घाटाचा प्रश्न आपल्या भागातल्या प्रत्येकाला लागू पडतो, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : लहानपणापासून मळ्यातल्या विहिरीत आणि मलप्रभेत पोहतो. दम चांगला आहे, बुडी मारून तळाचा खडा काढून आणतो. मालदीवला पोहोचल्यावर थेट डाइव्ह करता येईल की कोर्स करावाच लागेल? (खानापूर)

पोहता येणे ही जमेची बाजू आहेच. दम धरायची सवय मात्र विसरावी लागेल. विहिरीत तुम्ही काठावर छाती भरून घेता आणि बुडी मारता. खाली ती हवा दाबाने आकसते, वर येताना पुन्हा मूळ मापाची होते, त्यामुळे फुप्फुसाला धक्का बसत नाही. स्कूबामध्ये पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास खालीच घेतला जातो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. अशा वेळी दम धरलेला असेल तर एक-दीड मीटर वर येतानाही फुप्फुस फाटू शकते. विहिरीत वाढलेल्या पोहणाऱ्याला गडबडीत नेमके हेच सुचते: तोंड मिटायचे आणि वर झेपायचे. सिलिंडरची हवा देणारा रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचे, हे अंगवळणी पडेपर्यंत उथळ पाण्यात घोटून घ्या.

आता कोर्सचे. नुसती चव घ्यायची असेल तर कोर्सशिवाय इन्स्ट्रक्टरबरोबर ओळखीची डाइव्ह करता येते. तिची मर्यादा १२ मीटर, आणि किमान वय १० वर्षे. स्वतःच्या भरवशावर, जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायचे असेल तर ‘ओपन वॉटर’ कोर्स लागतो. त्यात अभ्यास, पूलमधला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. पोहण्याची परीक्षा अवघड नाही: न थांबता २०० मीटर, कुठल्याही पद्धतीने, वेळेचे बंधन नाही, आणि १० मिनिटे तरंगत राहणे.

सुट्टी सहा-सात दिवसांचीच असेल तर अभ्यास आणि पूलचा भाग इकडेच उरकून जा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, गोव्यात आणि मुरुडेश्वरलाही डाइव्ह सेंटर आहेत. पूलचा भाग पूर्ण झाला की ‘रेफरल’चे कागद मागून घ्या. पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचे रेफरल १२ महिने चालते आणि त्यावर समुद्रातल्या चार डाइव्ह मालदीवला करता येतात. पैसे भरण्याआधी तिकडच्या सेंटरला मेल करून ते कागद चालतील का, हे लेखी विचारा. इकडे एका संस्थेचा कोर्स आणि तिकडे दुसऱ्या संस्थेचे सेंटर असले की अडचण येते.

आणखी एक. पूलचे पाणी गोडे असते, समुद्रात अंग जास्त तरंगते. खाली जाता यावे म्हणून कमरेला बांधायचे, पूलमध्ये ठरवलेले शिसे समुद्रात दोनेक किलोने कमी पडते. तिकडे पहिल्या दिवशी वजन नव्याने तपासून घ्या.

प्रश्न : सरावासाठी रविवारी सकाळी गोव्यात ग्रँड आयलंडला डाइव्ह करून संध्याकाळी चोर्ला घाटाने परत यायचा विचार आहे. तसेच मालदीवहून निघायच्या दिवशी सकाळी एक डाइव्ह करून दुपारचे विमान पकडले तर चालेल का? (शहापूर, बेळगाव)

दोन्ही गोष्टी करू नका. विमानाचे बहुतेकांना ठाऊक असते, घाटाचे सहसा कुणी सांगत नाही.

दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळत जातो. जितके खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. वर आल्यावर तो लगेच निघून जात नाही. श्वासावाटे हळूहळू, तासन्‌तास बाहेर पडत राहतो. तेवढ्यात बाहेरचा दाब आणखी कमी झाला तर उरलेल्या नायट्रोजनचे अंगातच बुडबुडे धरतात. सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, अंगावर चट्टे उठतात, चक्कर येते, कधी पायातली ताकद जाते. याला डीकंप्रेशन सिकनेस म्हणतात.

विमानाच्या केबिनमधला दाब ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका उतरू शकतो. डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘डॅन’ या संस्थेचा सल्ला असा: एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबावे. हा सल्ला २,००० फुटांपासून, म्हणजे साधारण ६१० मीटरपासून वरच्या उंचीला धरून आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. म्हणजे आपले घरच त्या रेषेच्या वर आहे.

समुद्राकडून बेळगावला येणारी कुठलीही वाट धरा. गोव्याहून चोर्ला, मालवण-तारकर्लीहून आंबोली, मुरुडेश्वरच्या नेत्राणी बेटावरून परतताना अंकोल्याहून अरबैल घाट चढून हुबळी-धारवाड. सगळीकडे दोन-चार तासांत समुद्रसपाटीवरून थेट पठारावर. बेळगावात हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. विमानातली घट याच्या बरीच पुढची, म्हणून घाटाचा धोका विमानापेक्षा कमी, हे खरे. पण दोन डाइव्ह, त्यावर उन्हात आटलेले अंग, कमी प्यालेले पाणी आणि सामान उचलून आलेला थकवा, एवढे एकत्र आले की त्या आठ-नऊ टक्क्यांवर पैज लावू नये. डाइव्ह शनिवारी करा, रात्री वास्कोत किंवा मुरुडेश्वरला मुक्काम करा आणि रविवारी दुपारी जेवून घाट चढा. शनिवारी रजा मिळतच नसेल तर रविवारी डाइव्ह न करता स्नॉर्केलवर, म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावरच पोहण्यावर, भागवा. जाताना घाट उतरून लगेच डाइव्ह करायला या कारणाने हरकत नाही.

घाट चढल्यावर वर सांगितलेले काही जाणवले तर ‘बोट वल्हवल्याने खांदा धरला असेल’ असे म्हणून बाम चोळत बसू नका. त्रास बहुधा पहिल्या २४ तासांतच दिसतो. रुग्णाला आडवे झोपवा, तातडीने रुग्णालयात नेऊन शुद्ध ऑक्सिजन सुरू करायला सांगा आणि ‘काल डाइव्ह केली होती, इतक्या खोल, इतकी मिनिटे’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. ते सांगितले नाही तर निदान दुसरीकडेच भरकटते. आराम पडावा म्हणून पुन्हा पाण्यात उतरणे हा तर सर्वांत घातक उपाय.

मालदीवच्या बाबतीत आम्ही १८ ऐवजी पुरते २४ तास धरा म्हणू, कारण तिथे चार-पाच दिवस रोज दोन डाइव्ह होतात, आणि परतीला विमानानंतर बंगळूर-बेळगाव हा पठारावरचा प्रवास असतो. सहा रात्रींचा बेत असेल तर पोचल्याचा दिवस रिकामा, दुसऱ्या दिवशी चेक डाइव्ह (तपासणीची पहिली सोपी डाइव्ह), मग चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मुख्य डाइव्ह, सहाव्या दिवशी पाण्याखाली जाणे नाही. त्या दिवशी माले शहरात १६५८ साली प्रवाळाच्या दगडांत बांधलेली जुनी शुक्रवार मशीद पाहा. अप्रतिम कोरीव काम आहे आणि बहुतेक डायव्हर ते न पाहताच परततात. सी-प्लेन आणि देशांतर्गत विमान हीसुद्धा विमानेच. ‘ते कमी उंचीवरून जाते’ असे कुणी म्हणाले तरी तास तेवढेच मोजा.

प्रश्न : नवरा-बायको दोघेच जाणार आहोत. रिसॉर्ट परवडणारे नाही. मे महिन्यात गेलो तर चालेल का, आणि ऐन वेळी कुठले खर्च अंगावर येतात? (निपाणी)

रिसॉर्ट नको असेल तर वस्तीच्या बेटावरचे गेस्टहाऊस घ्या. माफुशी मालेला जवळ, धिगुरा दक्षिण आरी अटॉलमध्ये, म्हणजे त्या नावाच्या प्रवाळ-बेटसमूहात (तिथे व्हेल शार्क वर्षभर दिसण्याची शक्यता असते), रसधू डायव्हिंगसाठी जुने नावाजलेले. गेस्टहाऊसमधून डाइव्ह सेंटर चालत गाठता येते आणि तोच समुद्र निम्म्याहून कमी पैशांत पाहायला मिळतो.

कोटेशनमध्ये बारीक अक्षरात असते ते आधी विचारा. पर्यटकांवरचा जीएसटी १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, आणि त्याआधी १० टक्के सेवा शुल्क लागते. समजा, डाइव्हचा दर ६० डॉलर लिहिला आहे. सेवा शुल्क धरून ६६, त्यावर १७ टक्के, म्हणजे ७७ डॉलर झाले. दोघांच्या मिळून १६ डाइव्ह धरल्या तर पावणेतीनशे डॉलरचा फरक पडतो. शिवाय ग्रीन टॅक्स: २०२५ पासून ५० पेक्षा कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसमध्ये माणशी दिवसाला ६ डॉलर, रिसॉर्टमध्ये १२. रेग्युलेटर, बीसीडी (हवा भरून तरंग सांभाळणारे जाकीट), वेटसूट (अंग ऊबदार ठेवणारा रबरी पोशाख), खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कंप्युटर यांचे भाडे दरात धरले आहे की वेगळे, हेही लेखी घ्या.

बेळगावहून मालेला थेट विमान नाही, बंगळूर किंवा मुंबई गाठावी लागते. रात्री उशिरा उतरणारे तिकीट स्वस्त मिळाले तरी बेटांकडे जाणाऱ्या स्पीडबोटी तोवर सुटलेल्या असतात आणि विमानतळाजवळच्या हुलुमालेत एक रात्र काढावी लागते. स्वस्ताई तिथेच संपते. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी पोचल्यावर फुकट प्रवेश मिळतो. परतीचे तिकीट आणि राहण्याचे बुकिंग हाताशी ठेवा. प्रवासाआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ हा सरकारी ऑनलाइन फॉर्म भरायचा. तोही फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही. बॅगेत दारू, डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि ई-सिगारेट नेऊ नका, तिघांनाही बंदी आहे. वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत फक्त नेमून दिलेल्या किनाऱ्यावरच वावरायचे असते.

मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत आणि पाणी नितळ. मेमध्ये लाटा, पाऊस, आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढल्याने पाणी थोडे गढूळ. पण त्याच प्लवकामागे मांटा रे हे पंखांसारखे पर असलेले मोठे मासे येतात. बा अटॉलमधल्या हनिफारू उपसागरात मे ते नोव्हेंबर त्यांचा मेळा भरतो. तिथे स्कूबाला परवानगी नाही, फक्त स्नॉर्केल. पाण्याचे तापमान वर्षभर २७ ते ३० अंश असते, त्यामुळे ३ मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. पहिल्यांदाच जात असाल आणि मुलांच्या शाळेचे बंधन नसेल तर फेब्रुवारी-मार्च गाठा.

प्रश्न : वय ५४, बीपीची एक गोळी चालू आहे, नियंत्रणात आहे. पत्नीला लहानपणी दमा होता. डाइव्ह सेंटर अडवेल का? (चिकोडी)

कागद नसतील तर अडवेल, आणि अडवावेच. पाण्यात उतरण्याआधी वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात. वय ४५ च्या वर आणि सोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांपैकी काही असेल, किंवा दम्याचा इतिहास असेल, तर डॉक्टरांची सही लागते. ती सही छोट्या बेटावर मिळवताना एक-दोन दिवस आणि बरेच डॉलर जातात. म्हणून डाइव्ह सेंटरकडून फॉर्म आधीच मागवून जायच्या महिनाभर आधी आपल्या फिजिशियनकडे न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे श्रम करताना हृदयाची गती वाढत नाही. प्रवाहाविरुद्ध पायातले फिन मारायची वेळ आली की तिथे दम तुटतो. गोळीचे नाव दाखवून हाच प्रश्न विचारा. पत्नीची फुप्फुसाची फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. दम्यात बारीक श्वासनलिका आवळतात आणि वर येताना फुगणारी हवा मागे अडकून राहते, धोका तिथे आहे. पळाल्यावर किंवा गार हवेत आजही छाती घरघरत असेल तर डाइव्ह नको. ‘सगळ्याला नाही लिहून टाका’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. विमाही त्याच खोट्या उत्तरावर नाकारला जातो.

विम्याचे निघालेच आहे तर, साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेले असते किंवा खोलीची अट असते. रीकंप्रेशन चेंबरचा (डीकंप्रेशन सिकनेसवर दाबाखाली उपचार करायच्या बंद खोलीचा) खर्च आणि बेटावरून हलवण्याचा खर्च धरला आहे का, एवढे दोन शब्द पॉलिसीत शोधा. मालदीवमध्ये बंदोस बेटावर चेंबर आहे. दूरच्या अटॉलमधून तिथे पोचणे हाच मोठा खर्च.

प्रश्न : गोव्यात ओळखीची डाइव्ह केली तेव्हा तीन मीटरवरच कान असह्य दुखला आणि वर यावे लागले. माझे कान डायव्हिंगला अयोग्य आहेत का? (येळ्ळूर)

बहुतेक वेळा कान चांगले असतात, उशीर झालेला असतो. सर्वाधिक बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो, म्हणून दुखायची वाट पाहायची नाही. पृष्ठभागावर असतानाच एकदा नाक दाबून हळू फुंकायचे, मग दर अर्ध्या-एक मीटरला. पाय खाली ठेवून, दोर धरून उतरा. डोके खाली करून उतरताना कानाची नळी नीट उघडत नाही. दडा बसला तर जोर लावू नका. एक मीटर वर या, गिळा, जबडा हलवा, पुन्हा प्रयत्न करा. बाहेरच्या दाबाने नळी एकदा चिकटली की जोरात फुंकून ती उघडत नाही, उलट आतल्या कानाला इजा होते. इन्स्ट्रक्टरला तळहात आडवा हलवून ‘गडबड आहे’ आणि मग बोटाने कान दाखवायचा; तो थांबलाच पाहिजे. सर्दी असताना नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरू नका. खाली असताना त्याचा असर ओसरला तर वर येताना हवा अडकते. कानाचे ऑपरेशन झाले असेल तर मात्र आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ.

प्रश्न : ओपन वॉटर झाले आहे, नेत्राणीला डाइव्ह केल्या आहेत. मालदीवला काय वेगळे असते? (कारवार)

प्रवाह. मालदीवची अटॉल म्हणजे प्रवाळाची कडी, आणि त्यांच्यातल्या खिंडींतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर धावते. तिथले लोक या खिंडीला ‘कंदू’ म्हणतात, पाण्याखालच्या उंचवट्याला ‘थिला’. शार्क आणि रे कंदूच्या तोंडाशी जमतात, त्यामुळे चांगल्या डाइव्ह तिथेच. पाणी आत येत असताना उतरतात. बाहेर जाणारे पाणी गढूळ असते आणि डायव्हरला खोल समुद्राकडे ओढते.

यासाठी तयारी तीन गोष्टींची. पहिली, बीसीडी पूर्ण रिकामी करून बोटीवरून उडी घेऊन लगेच खाली जाता यायला हवे. पृष्ठभागावर मास्क नीट करत बसलात तर थिला मागे निघून जातो. त्यासाठी कान चटकन मोकळे करता यायला हवेत. दुसरी, एसएमबी, म्हणजे वर सोडायचा नारिंगी फुगा, स्वतः सोडता यायला हवा. रीळ बीसीडीला बांधलेले असताना फुगा सोडला आणि दोरी अडकली तर तो तुम्हालाही वर ओढतो. रीळ हातात मोकळे धरा, अडकले तर सोडून द्या. तिसरी, हवा.

हिशेब करून पाहा. १२ लिटरचे सिलिंडर २०० बारला भरलेले. ५० बार राखीव, उरले १५० बार, म्हणजे १,८०० लिटर. शांतपणे पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर २० मीटरवर तिप्पट दाबामुळे ६० लिटर. म्हणजे हवा अर्धा तास पुरते. प्रवाहात फिन मारायला लागलात की हाच आकडा दुप्पट होतो आणि पंधरा मिनिटांत गेज ५० वर. म्हणून प्रवाहाशी झुंजू नका. खडकाच्या आडोशाला, तळालगत राहा, तिथे पाणी मंद असते. प्रवाहात जागेवर राहायला हुक लावायचा तर मेलेल्या खडकालाच, जिवंत प्रवाळाला नाही. १९९८ आणि २०१६ च्या उष्ण पाण्याने तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले आहे. उरले आहे ते पुन्हा उभे राहतेय, त्याला आपला हात लागायला नको.

मालदीवच्या कायद्याने मनोरंजनासाठीच्या डाइव्हची मर्यादा ३० मीटर आहे, आणि तुमच्या प्रशिक्षणाची १८. खिंडींच्या डाइव्ह बहुधा त्याहून खोल असतात, म्हणून जमल्यास अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करून जा. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवा आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबा.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी आहोत. जेवणाचे हाल होतील का? (टिळकवाडी, बेळगाव)

तिथल्या घरगुती जेवणात टूना जवळपास प्रत्येक पदार्थात असतो, अगदी न्याहारीच्या खोबऱ्यातही. बुकिंग करतानाच ‘मासे नाहीत, माशाचा रस्साही नाही’ असे स्पष्ट कळवा. डाळ, भात, चपाती, भाजी बहुतेक गेस्टहाऊस करून देतात. दोन डाइव्हच्या मधल्या तासाभरात बोटीवर बिस्किटे किंवा फळे मिळतात. तेव्हा खायला चिरमुऱ्याचा चिवडा, चिक्की, आलेपाक बरोबर न्या. आल्याने मळमळही थोडी आवरते. बोट लागण्याची गोळी घ्यायची असेल तर ती गुंगी आणते का, हे घरी असतानाच एकदा घेऊन पाहा.

प्रश्न : भरघोस मिशी आहे आणि चष्माही. मास्क जमेल का? (हल्याळ)

मिशीच्या केसांवर मास्कची कड नीट बसत नाही आणि पाणी झिरपते. नाकपुडीखाली चार-पाच मिलिमीटरची पट्टी तासली की बहुतेक वेळा भागते. मास्कला व्हॅसलिन लावू नका, त्यासाठी सिलिकॉन ग्रीस मिळते. चष्म्यासाठी नंबरच्या काचांचा मास्क घ्या. तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने मिळतात, आणि पाण्यात सगळे तिसऱ्या हिश्श्याने मोठे दिसत असल्याने थोडा कमी नंबरही चालतो. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो. तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढल्याशिवाय धुके धरतच राहते. त्यानंतर प्रत्येक डाइव्हआधी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पुरतो.